दोन वर्षांत दुसरी भट्टी

मामांनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि घरात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्याच्या नकला करून सगळ्यांना हसवायची. पुढे ती दोन परक्या भाषा शिकली, दुभाष्याचं काम पत्करलं, मोठमोठ्या परिषदांत कानाला यंत्र लावून बसू लागली, तरी घरात नाव तेच राहिलं. आई लवकर गेली. त्यानंतर तिचं शिक्षण मामांनी केलं, आणि तेही कधी बोलून न दाखवता. म्हणूनच मामेभावाने फोन करून सांगितलं की बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या फंडाची माणसं कारखाना बघायला येतायत आणि मध्ये बोलायला ताई तूच हवीस, तेव्हा तिने हातातलं दुसरं काम सोडून दिलं. पैशांचं नावही काढू नकोस, असं वर बजावलं.

मामांचा कारखाना औषधांच्या लहान बाटल्यांचा. एकच भट्टी, पण ती अकरा वर्षं विझली नव्हती. काचेच्या भट्टीला सुट्टी देता येत नाही. आतली काच गोठली की भट्टीच मोडावी लागते. मामा सकाळी आले की आधी भट्टीपाशी जायचे, मग तपासणीच्या टेबलापाशी. तिथे बसलेल्या बायका एकेक बाटली दिव्यासमोर धरून बुडबुडे शोधायच्या. ऑफिसात मामा सगळ्यात शेवटी जायचे. त्यांची कंपनी शेअरबाजारात होती, पण तो बाजारच अजून बाळसं धरत होता. आठवड्यातून चार-दोन सौदे व्हायचे, आणि शेअर कुणी विकले हे मामांना बहुतेक नावानिशी ठाऊक असायचं.

फंडाची माणसं दोन होती. एक उंच, शांत, सारखा वहीत लिहिणारा. दुसरा तरुण, फोटो काढणारा. दोन दिवसांत त्यांना सात कारखाने बघायचे होते आणि हा पाचवा होता. मामेभावाने नवा कोट घातला होता. मामांनी मात्र रोजचा शर्टच घातला, त्यावरून सकाळी घरात थोडी धुसफूस झाली होती असं मामींनी तिला हळूच सांगितलं.

भट्टी बघून झाली, बाटल्या बघून झाल्या, सगळे ऑफिसात चहाला बसले. उंच माणसाने वही उघडली आणि विचारलं की आम्ही तुमचे बरेच शेअर घेतले तर दोन वर्षांत दुसरी भट्टी उभी राहील का. तिने ते मामांना सांगितलं.

मामांनी कपात पाहिलं आणि म्हणाले, "भट्टी पेटवणं सोपं असतं, पोसणं कठीण. गिऱ्हाईक वाढल्याशिवाय मी नाही पेटवणार."

मामेभावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या मुलाने दोन वर्षं पत्रं लिहून लिहून ही माणसं इथवर आणली होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मामांच्या विटलेल्या कॉलरकडे पाहिलं. तिला वाटलं, मामा नेहमीसारखे स्वतःला कमी लेखतायत. आयुष्यभर यांनी हात आखडता घेतला. निदान आज तरी कुणी यांच्या वतीने दोन शब्द बरे बोलावेत. आणि ती परक्या भाषेत म्हणाली की हे सावध गृहस्थ आहेत, गिऱ्हाईक वाढतंय तशी त्यांची तयारी चालू आहे, आणि दोन वर्षांत दुसरी भट्टी व्हावी अशीच त्यांची इच्छा आहे.

उंच माणूस हसला आणि वहीत लिहू लागला. इतक्या वर्षांत तिने कुणाचं वाक्य असं बदललं नव्हतं. परतताना गाडीत तिला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण त्याहून जास्त आनंदच झाला होता.

फंडाने शेअर घेतले. अशा लहान बाजारात एवढं मोठं गिऱ्हाईक उतरलं की भाव जागेवर राहत नाही. सहा महिन्यांत तो तिप्पट झाला. इतर फंड मागोमाग आले, कारण पहिला आला होता. मग गावातली माणसं आली. औषधाच्या दुकानदाराने घेतले, मामींच्या बहिणीने घेतले, तपासणीच्या टेबलावरच्या बायकांनी भिशीच्या पैशांतून घेतले. शेअरदलाल, जो पूर्वी दुपारी खुर्चीत पेंगायचा, तो आता जेवायलाही उठत नव्हता. वर्तमानपत्रात मामांचा फोटो आला. त्यांनी तो मामींना दाखवून, आपण यात मेल्यासारखे दिसतो, असं म्हटलं.

वर्षभराने फंडाचं पत्र आलं. दुसऱ्या भट्टीचं काम कुठवर आलंय, अशी विनम्र विचारणा होती. मामेभावाने ते मामांपुढे ठेवलं आणि समजावलं की आता भाव चढा आहे, नवे शेअर विकले की भट्टीचा निम्मा खर्च निघेल, उरलेला पुढच्या वर्षी तसाच काढू. मामांनी तिला बोलावून घेतलं.

"मी त्या दिवशी यांना भट्टीचं काय म्हटलं होतं गं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगायला हवं होतं. ऑफिसात ती दोघंच होती, दार लोटलेलं होतं. पण भाव तिप्पट झाला होता, मामेभावाचं लग्न ठरत होतं, बाहेर टेबलावरच्या बायका तिला बघून कौतुकाने हसल्या होत्या. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक वाढलं की."

"वाढलंय का?"

"तुमच्या मुलाला ठाऊक असेल. तो म्हणतो वाढतंय."

मामांनी मान डोलावली. तीन महिन्यांत पाया खणला गेला आणि पुढच्या वर्षी दुसरी भट्टी पेटली. मामांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता.

ती भट्टी जेमतेम सात महिने जळली. कुठल्या तरी लांबच्या देशात बँका अडचणीत आल्या, तिथल्या लोकांनी घाबरून फंडातले पैसे परत मागितले, आणि फंडाने सगळीकडच्या लहान बाजारांतून अंग काढून घेतलं. मामांच्या कंपनीचे शेअर विकायला आले तेव्हा घ्यायला जवळजवळ कुणीच नव्हतं. नऊ दिवसांत भाव फंड येण्याआधी होता त्याच्याही खाली गेला. औषधाचा दुकानदार रोज दलालाच्या दारात येऊन उभा राहायचा, आत न जाता.

मामेभावाने उंच माणसाला फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. मामा समोर बसले होते. तिने या वेळी प्रत्येक शब्द नीट ऐकून घेतला आणि जसाच्या तसा सांगितला. तो म्हणत होता की तुमच्या कंपनीत काहीच खोट नाही, तुमच्याबद्दल आमचं मत चांगलंच आहे, पण आम्हाला लोकांचे पैसे परत द्यायचे आहेत आणि जे विकलं जातं तेच आम्ही विकतो.

"म्हणजे आपण चांगले आहोत म्हणून विकतायत," मामा म्हणाले. हे मात्र त्यांनी तिला पलीकडे सांगायला लावलं नाही.

नवे शेअर विकून दुसऱ्या भट्टीचा उरलेला खर्च काढायचा बेत होता. आता ते कोण घेणार? गिऱ्हाईक तर पहिल्या भट्टीपुरतंच होतं. महिनाभर मामांनी दोन्ही भट्ट्या पोसल्या. मग दुसरीचा गॅस बंद केला. पहिली विझू नये म्हणून कंपनी एका मोठ्या काचवाल्याला विकावी लागली. त्याने अर्धी माणसं काढली. टेबलावरच्या अकरा बायकांपैकी चौघी राहिल्या.

व्यवहाराच्या कागदांवर सह्या झाल्या, त्यानंतरच्या रविवारी ती मामांकडे गेली. मामी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तिने बसता बसताच सगळं सांगून टाकलं: मामा काय म्हणाले होते, आपण काय सांगितलं, आणि त्यांनी विचारलं तेव्हाही आपण कशी गप्प राहिलो. मामींचे हात थांबले.

मामा म्हणाले, "मी बोललो त्याच्या दुप्पट तू बोललीस. एवढं कळायला त्यांची भाषा यावी लागत नाही, मैना."

"मग तेव्हाच विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस." त्यांनी टोपलीतली एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "त्या माणसाचा चेहरा खुलला होता. पोराचाही. म्हटलं, असू दे. पुढे तुला बोलावून विचारलं, तेही तुझ्या तोंडून 'हो' ऐकायलाच. भट्टीतलं मला कळतं, ते तुला कसं कळणार होतं? पेटवली मी."

यावर रडायचाही आपल्याला अधिकार आहे असं तिला वाटेना. रागावले असते तर बरं झालं असतं. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि आता त्यांच्या वाट्याची चूकही तिला कळली होती. मामींनी कुणाकडेच न बघता शेंगा सोलायला सुरुवात केली आणि जेवूनच जा म्हणाल्या.

मामेभावाला तिने पत्र लिहून सगळं कळवलं. समोर जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही, याचीही तिला लाज आहे. त्याचं उत्तर आलं नाही. ठरलेलं लग्न लांबत लांबत मोडलं, आणि तो दुसऱ्या शहरात कुणाच्या तरी हिशेबखात्यात नोकरी करतो.

नव्या मालकांनी मामांना वर्षभरासाठी सल्लागार म्हणून ठेवलं आहे. सल्ला कुणी विचारत नाही. ते सकाळी जातात, भट्टीपाशी उभे राहतात, मग टेबलावरच्या रिकाम्या खुर्चीत बसून बाटल्या दिव्यासमोर धरतात. तिथल्या चौघी अजून त्यांना साहेब म्हणतात. एकीने भिशीच्या पैशांबद्दल एकदाच विचारलं होतं, ते कधी वर येतील का म्हणून. मामांनी तिला खरं ते सांगितलं.

ती दर रविवारी मामांकडे जाते. मामी दार उघडतात आणि सांगतात की काल पोराचा फोन होता, ताई कशी आहे विचारत होता. ती बरं म्हणते आणि चप्पल काढते. तो खरंच विचारतो का, हे तिने मामींना कधी विचारलेलं नाही.