कुणाचं गवत जाळायचं

आमच्या वणवा-पथकाची मी प्रमुख झाले ती काही माझ्या अकलेमुळे नाही. त्या पदासाठी दोघं तडफडत होते. एक जनावरांचा डॉक्टर आणि दुसरा मेजर, म्हणजे निवृत्त फौजी, जो अजून बायकोलाही शिट्टी वाजवून बोलावतो. एकाला निवडलं की दुसरा आपली पाण्याची टाकी उचलून घरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळ्या कुरणवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात नेमकं अख्खं बिस्किट होतं, त्यामुळे नाही म्हणायला जमलं नाही.

अग्निशमन खात्याच्या साहेबांना काय, कुणीही चाललं असतं. त्यांचा बंब आमच्याकडे पोचायला दीड तास लागतो, आणि तेवढ्यात वाळलेल्या कुरणाची राख होते. म्हणून त्यांनी आम्हाला पाठीवरचे पंप दिले, वॉकीटॉकी दिले आणि वर एक फॉर्म दिला. वणवा अंगावर आला की एखादा रस्ता धरायचा आणि रस्त्याच्या पलीकडचं गवत आपणच आधी जाळून टाकायचं. खायला काही उरलं नाही की वणवा तिथंच विझतो. तर वेळ पडली तर कुठलं गवत जाळायचं, हे ज्याने त्याने आधीच लिहून द्यायचं होतं.

बाराच्या बारा जणांनी शेजाऱ्याचं लिहून दिलं.

साहेबांनी एकेक फॉर्म वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. डॉक्टरने मेजरचं कुरण लिहिलं होतं, मेजरने डॉक्टरचं, तेही नकाशा काढून. मी ताईचं लिहिलं होतं आणि ताईने माझं. ताई माझी सख्खी थोरली बहीण. बाबांच्या कुरणाची आमच्यात वाटणी झाली, मधल्या कच्च्या रस्त्याने दोन भाग पडले, आणि चांगला भाग कुणाला मिळाला यावरून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. पथकात आल्यावर वॉकीटॉकीवर बोलणं भाग पडलं. नऊ वर्षांनी ती मला पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "बॅटरी चार्ज कर."

पथकाचा एक नियम मात्र मी स्वतः केला होता. प्रमुखाने सांगितल्याशिवाय कुणीही काडी ओढायची नाही. सरावाच्या दिवशी मेजरने उत्साहाच्या भरात साहेबांची टोपी पेटवली होती, त्यानंतरचा हा नियम.

वणवा आला तो भर दुपारी. ताईच्या कुरणापलीकडे कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं, पातं दगडाला घासलं, ठिणगी उडाली. वारा थेट आमच्याकडे. मी पिकअपच्या टपावर चढून बघितलं. आग अडवायला एकच जागा होती, तो आमच्या मधला कच्चा रस्ता. तिथून ताईच्या बाजूचं सगळं गवत जाळायचं आणि माझ्या बाजूचं वाचवायचं. म्हणजे मी फॉर्मात लिहिलं होतं तेच, शब्दन् शब्द.

ताईने मेंढ्या केव्हाच हाकून माझ्या बाजूला आणल्या होत्या. रस्त्याला लागून तिची शेड होती, हिवाळ्याचा सगळा चारा आत रचलेला. ती रस्त्यावर काडेपेटी घेऊन उभी होती. वॉकीटॉकीवर म्हणाली, "लावू?"

उद्या लोक काय बोलणार, ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं. नऊ वर्षं दबा धरून बसली होती, प्रमुख होताच बहिणीचं कुरण पेटवलं. मी उगाच डॉक्टरला वाऱ्याची दिशा विचारली. आंधळ्यालाही कळेल अशी वाऱ्याची दिशा! तिने पुन्हा विचारलं, "लावू का?" मी म्हटलं, थांब जरा, मग मेजरला विचारलं, टाकीत पाणी किती. शेवटी मी "लाव" म्हटलं तोवर आग फार जवळ आली होती. वणवा रस्त्यावर अडला खरा, पण शेडभोवतीचं गवत सावकाश जाळून शेड मोकळी करायला वेळच उरला नाही. चाऱ्यासकट शेड गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. कुरण जाळल्याबद्दल माफी कशी मागायची, ते वाटेत तीनदा घोकलं होतं. ती ओट्याशी काळे झालेले बूट घासत होती. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "कुरण जाळलंस ते बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं."

मला हायसं वाटलं. तिने बूट खाली ठेवला.

"मी दोनदा विचारलं. चार मिनिटं लावलीस तू. तिथं मेजरचं कुरण असतं तर?"

मेजरचं असतं तर पहिल्या शब्दाला लावायला सांगितलं असतं, आणि हे तिलाही माहीत होतं. मला बहिणीचं भलं करायचं नव्हतं, चांगली बहीण दिसायचं होतं. तिची शेड माझ्या रागाने जाळली नाही, माझ्या अब्रूने जाळली. लाजेने मला तिच्याकडे बघवेना.

"पुढच्या वेळी वॉकीटॉकीवर मी तुझी कुणी नाही," ताई म्हणाली, आणि दुसरा बूट उचलून घासायला लागली.