साहेबांची छत्री

घाबरू नका मित्रांनो, मी नुसती एक जुनी छत्री आहे. पण एके काळी मी लांबून दिसले तरी लोक रस्ता सोडत, कारण मला धरणारा हात साहेबांच्या माणसाचा होता.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या काड्या बसवल्या, त्याच्या सुनेने काळे कापड शिवले. "चांगल्या घरी जा गं," असे म्हणून तिने मला मिटले. मोठ्या घरी गेले, एवढे खरे.

तुम्ही नाटकात पाहिले असेल, दुष्ट मालकाच्या मागे एक दांडगा उभा असतो. त्याला नाव नसते आणि पहिला मार तोच खातो. आमचा तसाच होता. गल्लीत त्याला 'भिंत' म्हणत. चहावाला हळूच चिडवायचा, "काय भिंतराव, आज कोणाचा नंबर?" तो हसायचा नाही. त्याने दटावले की भलेभले गप्प होत. त्याच्या हातून वाईट कामे झाली, ती मी झाकणार नाही. देव त्याला क्षमा करो. पण भर उन्हात तो मला पूर्ण साहेबांवर धरायचा आणि स्वतः बाहेर भाजत राहायचा. घरी आल्यावर मला पुसून, पट्टा लावून खुंटीला अडकवायचा.

एके दुपारी साहेब स्वतः गाडी चालवत होते. मी मागच्या सीटवर भिंतीच्या मांडीवर होते. वळणावर एक हमाल गाडीखाली आला आणि जागीच गेला.

"तू चालवत होतास," साहेब म्हणाले. "थोड्या दिवसांत सोडवतो. आईकडे मी बघतो."

"हो साहेब," तो म्हणाला.

मग मला नवा हात मिळाला. त्याने आपटून माझी एक काडी मोडली. एक दिवस फाटकाशी भिंतीची आई उभी राहिली. घामाने भिजलेली, ओठांत देवाचे नाव.

"साहेब, त्याला गाडी येतच नाही हो! सायकलवरून पडायचा माझा बाळ. तुम्ही एकदा खरं सांगा ना."

"मावशी, घरी जा. ऊन लागेल," साहेब म्हणाले. मग नव्या माणसाकडे वळले. "ती मोडकी छत्री देऊन टाक हिला."

आईकडे बघणे म्हणतात ते एवढेच झाले.

ती मला टेकत टेकत तुरुंगात भेटीला गेली. जाळीपलीकडे तो किती वाळला होता! मला पाहताच मात्र त्याचा चेहरा उजळला.

"साहेबांनी दिली? स्वतःहून?"

"हो रे बाळा."

"बघ! विसरले नाहीत ते. आता सोडवतीलच."

आईने पदर तोंडाला लावला. "हो, सोडवतील," एवढेच म्हणाली. तिथे मला वाचा फुटली असती, तरी मी काय वेगळे बोलले असते?

अजून तो आत आहे, आणि दर भेटीला साहेबांची खुशाली विचारतो.

मित्रांनो, माझी काडी तारेने बांधली तरी चालेल. पण तुमच्यासाठी कोणी उन्हात उभे असेल, तर त्याला हात धरून आत घ्या. माझ्याखाली दोघांना जागा होती. पहिल्या दिवसापासून होती.