गादीतले निशाण

मित्रांनो, मी एक जुने निशाण आहे, आणि स्वस्थ बसणे निशाणाच्या जातीला ठाऊकच नसते. पिवळ्या रेशमावर चार तांबडे पट्टे, हे माझे रूप. हे आमच्या कातालोनियाचे, म्हणजे स्पेनमधल्या आमच्या मुलखाचे निशाण. तिथल्या एका गिरणगावात गिरणीमालक सिन्योर फोर्तिया आणि त्यांच्या वकील, दुकानदार मित्रांनी ‘आपला मुलूख, आपला कारभार’ म्हणत पक्षाची शाखा काढली, तेव्हा मला शिवले. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या बाळासारखी निशाणालाही धर्ममाता असते. पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले, तेव्हा काठी धरून उभी होती फोर्तियांची लेक रेमेई.

माझे सुगीचे दिवस तेच! माद्रिदच्या सरकारचे उमेदवार आपटले, आमचे निवडून आले. थोडाफार कारभार हाती आला. शाळा, वाचनालये, रस्ते झाले. प्रत्येक उद्घाटनाला मी पुढे.

पण गिरण्यांतले संप वाढले, बार्सिलोनात भरदिवसा गोळ्या झडू लागल्या आणि फोर्तियांची झोप उडाली. अशात एका जनरलने सत्ता बळकावली. हा संप मोडील आणि आपल्याला हातही लावणार नाही, अशी आमच्या पक्षवाल्यांची समजूत. शाखेत गोड वाइनचे पेले भरले गेले. मी मात्र भिंतीवर नुसते तळमळत होते. आठवडा उलटतो न उलटतो तोच हुकूम आला: माद्रिदच्या निशाणाखेरीज दुसरे दिसता कामा नये.

“देऊन टाकू शिपायांना,” फोर्तिया म्हणाले. “कायदा तो कायदा.”

“संप नको म्हणून वाघ घरात घेतलात, बाबा! आता तो मागेल ते ताटात वाढा!” रेमेई कडाडली.

मला जाळून टाकले, असे तिने वडिलांना सांगितले आणि गुपचूप त्यांच्याच गादीत शिवले. लोकरीत माझा जीव गुदमरायचा. दर उन्हाळ्यात पिंजारी यायचा, अंगणात गाद्या उसवून लोकर काठीने झोडपायचा. रेमेई म्हणायची, “बाबांची गादी राहू दे. त्यांच्या कमरेला तीच मानवते.”

“मानवते कसली? दगडांची रास झालीये!” फोर्तिया कुरकुरायचे.

जनरलची सत्ता गेली, तेव्हा तिने त्यांच्यासमोर गादी उसवली. फोर्तियांनी माझे रेशीम चाचपले.

“मी... ह्याच्यावर झोपत होतो?”

“म्हणून तर वाचलं, बाबा.”

रडत रडत त्यांनी मला सज्जात नेऊन फडकवले. खालून त्यांच्याच गिरणीतले विणकर कामावरून परतत होते. त्यांतली एक बाई थांबली आणि हात वर करून म्हणाली, “सिन्योर, ते आमचंही आहे. खाली द्या, आम्ही पण धरतो!”

“द्या, बाबा,” रेमेई हळूच म्हणाली.

फोर्तियांची मूठ सुटली नाही. त्यांनी मला आत ओढले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. पुढची निवडणूक पक्ष हरला. गल्लीगल्लीत माझ्याच पट्ट्यांची दुसरी निशाणे मिरवली गेली, ती विणकरांनी घरी शिवलेली. मी फटीतून नुसते ऐकले.

मित्रांनो, मला कसर लागू नये म्हणून रेमेई आजही कापूर ठेवते. तिचे उपकार कसे विसरू? पण मला खरेच जपायचे असेल, तर कुलूप काढा. ज्या बाईने हात वर केला होता, तिची नातवंडे अजून याच रस्त्याने जातात.