समोरून येणाऱ्या बाईसाहेब

मेक्सिकोतल्या सान क्रिस्तोबाल शहरातल्या त्या सरकारी कचेरीत मिकाएलाच्या खिडकीपाशी नेहमीचाच तमाशा चालू होता. सुटाबुटातली माणसं रांग मोडून पुढे घुसत होती, आणि चामुला गावाहून पहाटे निघालेल्या आदिवासी बाया काळे लोकरी घागरे सावरत भिंतीलगत जमिनीवर बसून होत्या. "थांबा म्हटलं ना!" मिकाएला त्यांच्यावर खेकसली, तेही स्पॅनिशमध्ये. पोरगी स्वतः चामुलाचीच बरं का! पण केस कापले, उंच टाचांचे बूट चढवले, आणि आपली त्सोत्सिल भाषा गावीच ठेवून आली.

आज मात्र तिचं कामात चित्त नव्हतं. आई लोशा गुडघ्याचं औषध न्यायला येणार होती. 'कचेरीत येऊ नकोस, कोपऱ्यावर थांब,' असं तिनं आईला बजावलं होतं. पण म्हातारीचा काय नेम? सरळ आत आली तर? तो घागरा साहेबांनी पाहिला तर? मिकाएला तीनदा दारापर्यंत जाऊन आली. शेवटी राहवेना, तेव्हा औषधाची पुडी घेऊन तरातरा बाहेर पडली.

फुटपाथ अरुंद, रस्त्यापासून हातभर उंच. समोरून आई येत होती, पाठीवर टोपली, मान खाली. मिकाएला हाक मारणार, तोच म्हातारीनं झटकन रस्त्यावर पाय टाकला. मागून आलेल्या मोटारसायकलचा धक्का बसला आणि ती आडवी झाली. लेकीसाठी आणलेले तामाल, मक्याच्या पिठाचे उकडलेले उंडे, गटारात गेले.

"अगं आई! वेड लागलंय का तुला? खाली कशाला उतरलीस?"

"मिकाएला? तू होय!" लोशा खरचटलेलं कोपर पुसत म्हणाली. "समोरून कुणी बाईसाहेब येत होत्या. त्यांना वाट दिली गं."

मिकाएलानं मागे वळून पाहिलं. फुटपाथवर दुसरं कुणीच नव्हतं!

"आई... ती मीच होते."

"मला नुसते बूट दिसले. आम्ही तोंडं कुठं बघतो? स्पॅनिश लोकांनी हे शहर वसवलं, तेव्हापासून आपल्यासारख्या मूळच्या लोकांनी फुटपाथवरून चालायचं नाही. माझ्या बापाला माझ्यादेखत ढकललं होतं, पाठीवर लाकडं असताना."

"पण ते दिवस केव्हाच गेले, आई!"

"गेले? मग कचेरीत येऊ नको, असं मला कुणी सांगितलं? स्पेनच्या राजानं?"

मिकाएलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आईला उठवलं, हात धरून कचेरीत नेलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. मग भिंतीकडे वळून त्सोत्सिलमध्ये म्हणाली, "मावशी, उठा. नंबर तुमचा आहे."

"ए बाई, मला घाई आहे!" एक सूटवाला गुरकावला.

"त्यांनाही आहे. रांगेत उभे राहा."

"केवढ्या मोठ्यानं त्सोत्सिल बोललीस गं!" लोशा हसली. "मला वाटलं, लोकांपुढे बोलायला विसरलीस आपली भाषा."

संध्याकाळी दोघी बसकडे निघाल्या. समोरून एक गृहस्थ येताना दिसला आणि लोशाचा पाय पुन्हा खाली वळला. मिकाएलानं तिचा दंड घट्ट धरला. गृहस्थ थबकला, कुरकुरला आणि शेवटी अंग चोरून निघून गेला.

मंडळी, परक्यांचं राज्य तिथून उठून पिढ्या लोटल्या. पण त्यांचाच तोरा आपण आपल्या माणसांपुढे मिरवत असू, तर ते राज्य गेलं कुठं? ते घालवायचं काम आता आपलंच आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या आईला फुटपाथवर घेण्यापासून करावी लागते.