हिरवळीवरचे चार पाय

"बाबा, माऊस हलवलात?"

"हलवून हलवून टेबल पुसून निघालं."

"कीबोर्डवरचं एखादं बटण?"

"सगळी दाबली. पडदा काळा तो काळाच. खाली पिवळा दिवा तेवढा लुकलुकतोय."

"म्हणजे झोपलाय. असू दे. तुम्ही आता हात लावू नका. मी रविवारी येते. आईचा नमुना त्यातच उघडा आहे."

लेकीने फोन ठेवला. मी पडद्यासमोर बसून राहिलो.

आमची ही नातीसाठी, छकुलीसाठी, स्वेटर विणत होती. त्यावरचं चित्र ती कॉम्प्युटरवर चौकोन रंगवून करायची. एक चौकोन म्हणजे एक टाका. खाली हिरवळ आणि वर कुठलातरी प्राणी. कुठला ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नातीने किती लाडीगोडी लावली, तरी "झाल्यावर कळेल" एवढंच. मग ही दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. सुयांवर स्वेटर तसाच राहिला. हिरवळ झालेली, आणि तिच्यावर उभे चार तपकिरी पाय, गुडघ्यांच्या जरा वरपर्यंत. पुढचं लेक विणणार होती, नातीच्या वाढदिवसाच्या आत.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आत अडकलेली, रडकुंडीला आलेली माणसं बाहेर काढली. आणि टेबलावरचा हा डबा मला उठवता येऊ नये? जावयासमोर लेकीने "बाबांना जमत नाही" म्हणावं, हे मला नको होतं.

लिफ्टच्या पॅनेलवर दिवा स्थिर असला की ठीक, लुकलुकला की बिघाड. मग मेन बंद करायचा, जरा दम खायचा, परत चालू करायचा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मी तेच केलं. बोर्डावरची बटणं बंद केली, पिना उपसल्या. टेबलामागे वाकलोच होतो, म्हणून धूळ पुसली. पडद्याची एक वायर सैल लागली, ती दाबून बसवली. मग सगळं चालू केलं.

पडदा उजळला! मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, झालं बघ!"

स्वयंपाकघरात दिवाही लावलेला नव्हता. जरा वेळाने लेकीला फोन लावला.

"उठवला तुझा कुंभकर्ण."

"अगंबाई! कसा काय?"

"मेन काढला, परत लावला."

"पडद्याचाच ना?"

"दोन्हीचा. अर्धवट काम आपण करत नाही."



"बाबा, आता समोर काय दिसतंय?"

"छकुलीचा फोटो. एकदम स्वच्छ."

"आणि चौकोन?"

चौकोन कुठेच नव्हते.

रविवारी ती आली, जावईही आले. तिने सगळं उघडून पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "आई सेव्ह करायचीच नाही. म्हणायची, उघडंच तर असतं." हळूच पुढे म्हणाली, "बंद नव्हता हो तो. झोपला होता. सगळं त्याच्या डोक्यात होतं. वीज तोडली की ते जातं."

"वायर सैल होती," मी म्हणालो.

"मग बिघडलं तेवढंच होतं, बाबा."

मेनला हात घालण्याआधी जोडण्या तपासायच्या, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं. जो विसरला त्याला चारचौघांत गाढव म्हटलं होतं. लेक मला काही म्हणाली नाही. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी चहा टाकला.

लोकरीच्या पिशवीत तपकिरी आणि हिरव्या गुंड्यांखाली एक पिवळा गुंडा निघाला, न उलगडलेला.

"जिराफ असेल," जावई म्हणाले.

"जिराफाचे पाय तपकिरी?" लेकीने विचारलं.

"मग सिंह. आयाळ पिवळी असेल."

"असेल-असेल करून आईच्या सुया मी चालवणार नाही," लेक म्हणाली. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "पाय उसवू का, बाबा?"

"नको गं."

तिने निळी लोकर आणली आणि पायांच्या वर नुसतं आभाळ विणलं.

वाढदिवसाला नात तो घालून माझ्यासमोर उभी राहिली. हनुवटी छातीला टेकवून तिने खाली पाहिलं.

"आजोबा, हे कोणाचे पाय?"

लेक दारात थांबली. घोडा म्हणालो असतो तर निभावलं असतं. घोडा कुणालाही पटला असता.

"आजीला माहीत होतं, बाळा. तिने पूर्ण चित्र काढून ठेवलं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं."

 मला मान वर करवेना, म्हणून मी स्वेटरकडेच बघत होतो. मग नातीने दोन्ही हातांनी स्वेटर खाली ओढला आणि पायांखालची हिरवळ तळव्याने सारखी केली.