ज्याने मोडला, त्यानेच वापरावा

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी गोड वळणाची वाट पाहत बसू नका.

माझा जन्म अंबाल्याचा. बारीक दांडी, दोन पारडी, आणि वारा लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी. माझी वजनंसुद्धा चिमट्यानं उचलायची, इतका मी नाजूक. १९६२ साली भिलाईला आलो. पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात होतं आणि आमचं कॉलेज ठेकेदारानं सोडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं. खिडकीतून लाल धूळ आत यायची, तरी पहिल्या वर्षी मी एकही वजन चुकवलं नाही. अहो, मोहरीचा दाणा ठेवला तरी माझा काटा हलायचा! पाहुणे आले की त्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायचे.

मग देवीदास आला. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या श्यामराव सरांचा सख्खा पुतण्या. मित्रांनी डिवचलं, तर या शहाण्यानं रूळ जोडायचा लोखंडी बोल्ट माझ्या डाव्या पारड्यात टाकला. चांगला अर्धा किलोचा! माझी दांडी वाकली, पारड्याला सहा कोनांचा पोचा पडला. फार दुखलं. पण पुढचं जास्त झोंबलं. श्यामराव सर दारातून सगळं बघत होते, तरी त्यांनी आळ घातला भागीरथावर, कारण आदल्या तासाला मी तिच्याकडे होतो. वर पाटी लिहून माझ्या डोक्यावर टांगली: ‘ज्याने मोडला, त्यानेच वापरावा.’ झालं, वर्षभर भागीरथाच्या नशिबी मी.

भागीरथा म्हणजे कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर, काम करणाऱ्या केवलरामची मुलगी. भंडाऱ्याकडचं शेतकऱ्याचं घर, आता सेक्टर ६ मध्ये क्वार्टर. तिला डॉक्टर व्हायचं होतं. रायपूरला मेडिकल कॉलेज नवीनच निघालं होतं आणि प्रवेश मार्कांवर, प्रॅक्टिकलचे धरून. शिष्यवृत्तीशिवाय तिला घरून पाठवणं शक्य नव्हतं, आणि ती मिळायची कॉलेजात पहिल्या येणाऱ्या एकालाच. देवीदासचाही त्या शिष्यवृत्तीवरच डोळा. आता कळलं, काकांनी तिला मोडका तराजू कावून दिला ते? (मी अंबाल्याचा खरा, पण यांच्यात राहून माझ्याही तोंडी ‘का’चं ‘कावून’ झालं.)

तिचं प्रत्येक उत्तर चुकायला लागलं. श्यामराव सर सगळ्यांसमोर तिची वही वाचून दाखवायचे आणि वर्ग हसायचा. पोरगी माझ्या पेटीवर डोकं टेकून रडली, तेव्हा माझा राग दुप्पट झाला.

मग एका सोमवारी ती धावतच आली आणि मैत्रिणीला सांगू लागली. रविवारी ती आईबरोबर कॅम्प-१ च्या बाजारात गेली होती. तिची आई तुळसाबाई भाजीवाल्याच्या तराजूवर कधीच विश्वास ठेवायची नाही. एकदा तोलून झालं की ती म्हणायची, “आता पारडं बदलव आन् पुन्हा तोल. मले दोन्हीकडून पायजे.”

भागीरथानं तेच केलं. वस्तू आधी डाव्या पारड्यात ठेवली, मग उजव्या. दोन आकडे आले. त्यांच्या मधला आकडा काढला, तो बरोब्बर! त्या दिवसापासून ती प्रत्येक वजन दोनदा करायची. सगळे घरी जायचे आणि ही पारडी बदलत बसायची.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रत्येकाला पितळेचा एकेक तुकडा मिळाला, त्यांच्या खऱ्या वजनांची चिठ्ठी परीक्षकांच्या खिशात. श्यामराव सरांनी लिहून दिलं होतं की सगळे तराजू उत्तम स्थितीत आहेत. पण जागा परीक्षकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. माझ्यासमोर कोण येऊन बसला असेल?

या राजे, म्हटलं, या.

देवीदासनं एकदाच तोललं. परीक्षकांनी चिठ्ठीशी ताडून चूक म्हटलं, तसा तो घामाघूम होऊन म्हणाला, “सर, हा तराजू बिघडलेला आहे.”

परीक्षकांनी श्यामराव सरांकडे पाहिलं. हो म्हणावं तर लिहून दिलेलं खोटं, नाही म्हणावं तर पुतण्या बुडाला. त्यांनी नोकरी वाचवली.

“नाही सर, चांगला आहे,” ते म्हणाले.

तो क्षण मी अजून चवीनं आठवतो. परीक्षकांनी मग पाटी वाचली आणि मोडला कुणी, असं विचारलं. आत्ताच मला चांगला म्हणणाऱ्या श्यामराव सरांनी भागीरथाकडे बोट दाखवलं. तिनं देवीदासचा तुकडा दोन्ही पारड्यांत तोलला आणि आकडा कागदावर लिहून दिला. परीक्षकांच्या चिठ्ठीतलाच आकडा.

“मोडका आहे हे मला वर्षभर माहीत आहे सर,” ती म्हणाली. “पण मोडला मी नाही. या पोच्यात रुळाचा बोल्ट बसतो. तो कोणी टाकला ते त्याचे मित्रही जाणतात, देवीदासलाच विचारा.”

देवीदासला काही विचारावंच लागलं नाही. त्याची मान खाली गेली होती.

शिष्यवृत्ती भागीरथाला मिळाली आणि ती रायपूरला गेली. श्यामराव सरांकडून प्रयोगशाळा काढून घेतली. देवीदास नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला, आणि परीक्षकांनी ती पाटी उतरवू दिली नव्हती. वर्षभर तो माझ्यासमोर! पारडं बदलायची युक्ती त्याला भागीरथानं सांगितली नाही. मी तर कशाला सांगू?

तेव्हा मित्रांनो, वस्तू जपून हाताळा, आणि चुकून मोडलीच तर स्वतःचं नाव सांगा. पाटी अजून माझ्या डोक्यावर टांगलेली आहे, आणि मला चेहरे लक्षात राहतात.