सोनोग्राफीआधी चार चमचे तेल

अभिमन सरांनी नोकरीत कॉपी करणारी पोरं पुष्कळ पकडली. स्वतः कॉपी करायची वेळ मात्र त्यांच्यावर एकसष्टाव्या वर्षी आली, तीही पोटाच्या परीक्षेत.

धरणगावच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं. यंदा शेतातल्या दुसऱ्या भरीत पार्टीनंतर उजव्या बरगडीखाली कळ आली. गावचे डॉक्टर म्हणाले, "पित्ताशयात खडा असेल. जळगावला सोनोग्राफी करा, उपाशीपोटी. खडा दिसला तर ऑपरेशन." त्या शेवटच्या शब्दानं सरांची झोप उडाली. "ऐन वांग्याच्या हंगामात कोण कापून घेतो?" असं ते चारचौघांत म्हणत. खरं म्हणजे त्यांना सुईसुद्धा डोळे मिटून घ्यावी लागे.

उपाशीपोटी का, हे सरांना ठाऊक होतं. पोट रिकामं असलं की पित्ताशय भरून टम्म फुगतं आणि यंत्राला आतलं सगळं दिसतं. तेल-तूप लहान आतड्यात उतरलं, की आतड्याची भिंत एक संप्रेरक रक्तात सोडते. ते पोहोचलं की पित्ताशय आवळतं आणि पित्त आतड्यात ओततं. आवळलेल्या पिशवीत खडा कुणाला दिसणार?

म्हणून सकाळी त्यांच्या पत्नी कोकिळाअक्का कुलूप शोधत असताना सरांनी भरिताच्या पातेल्याच्या तळचं शेंगदाण्याचं तेल चार चमचे घेतलं. वांगंही आलं थोडं. तेल गाळून कोण पितो?

सकाळी दहा वाजताचा नंबर होता. पण केंद्रात पोहोचले, तर एक अपघाताचा पेशंट मधेच आत गेला. सर उठले, बसले, पाण्याच्या पिंपापर्यंत जाऊन न पिता परत आले. मनात वेळापत्रक चालू होतं: आता पित्त तेलाचे थेंब बारीक करत असणार. आता स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर ते थेंब फोडत असणार. उशीर झाला, तर काम संपवून पित्ताशय पुन्हा भरायला लागेल!

"बसा ना एका जागी," अक्का म्हणाल्या. "उपाशी शेतस, चक्कर यी."

"उपाशीच शे," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

साडेदहाला कळ आली. बरगडीखालून निघून थेट उजव्या खांद्याच्या पात्यात घुसली. सर वाकले, ते सरळ होईनात. पित्ताशय आवळतं, एवढं त्यांनी हिशेबात धरलं होतं. खड्यावरच आवळलं तर काय होतं, ते धरायचं राहून गेलं होतं.

त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर सरांच्या मुलीच्या, पुनमच्या वयाची होती. पोटावर यंत्र फिरवत ती म्हणाली, "आबा, काहीतरी तेलकट खाल्लंत ना? पित्ताशय मुठीसारखं आवळलंय. तरी खडा दिसतोय, चांगला मोठा आहे."

"काही नही खादं त्यांनी," अक्का ठामपणे म्हणाल्या.

"असू दे, पेशंटला कुठं माहीत असतं? तेल खाल्लं ना आबा, की जठर पित्ताशयाला निरोप धाडतं..."

सरांना घाम फुटला होता, दातखीळ बसायची वेळ आली होती. तरी जठर हा शब्द त्यांना सोसेना.

"जठर नाही," ते कण्हत म्हणाले. "लहान आतडं. त्याचा पहिला भाग. आणि निरोप कसला, संप्रेरक म्हणा. कोलेसिस्टोकायनिन."

डॉक्टरचा हात थांबला. अक्कांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं.

"म्हणजे तुम्हाले बठ्ठं माहीत व्हतं?"

"हो."

"आनि खादं?"

"चार चमचे. तेल."

"नुसतं तेल?"

"वांगं आलं जरासं."

अक्का आता बोलणार, या धास्तीनं डॉक्टरनं पडदा सरकवला आणि इंजेक्शन आणायला सांगितलं. पण अक्का स्टूल ओढून जवळ बसल्या.

"भ्याव वाटस का?" त्यांनी हळूच विचारलं.

एकतीस वर्षांत सरांनी वर्गात 'मला माहीत नाही' असं कधी म्हटलं नव्हतं, भीतीचं तर सोडाच. त्यांनी मान हलवली. होकारार्थी.

"मंग आधी सांगानं ना," अक्का म्हणाल्या आणि त्यांचा हात धरला. सुई आली तेव्हा सरांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच डॉक्टरला विचारलं, "ऑपरेशनला भूल पूर्ण देतात ना?"

"पूर्ण," ती म्हणाली.

"मग तारीख लिहा."